मागायचा राहिलेला कोड

बसमध्ये तिहोमिरने पुन्हा एकदा फोनवर देसांकाबाईंची वेबसाइट उघडून पाहिली. पांढरा पडदा आणि मधोमध गरगरणारं चक्र. शेजारचा प्रवासी डोकावायला लागला तसा त्याने फोन खिशात कोंबला आणि दात आवळून खिडकीबाहेर बघत बसला.

त्याने गिऱ्हाइकांना बनवून दिलेल्या साऱ्या साइट चाचाक शहरातल्या एका कंपनीच्या सर्व्हरवर होत्या: दंतवैद्य, मधवाला, आणि दिव्चिबारेच्या डोंगरावरचं देसांकाबाईंचं गेस्टहाउस. स्वस्त पडतं म्हणून घेतलेलं होस्टिंग. एकाच सर्व्हरवर शेकडो साइट कोंबलेल्या. दुसऱ्या कुणाकडे गर्दी झाली की याच्या साइट आडव्या. तक्रार केली की मालक झिवोयिनकडून एकच उत्तर यायचं, जरा धीर धरा, काम चालू आहे. हे वाक्य आता तिहोमिरच्या डोक्यात जायला लागलं होतं.

बर्फाचा मोसम तोंडावर आला होता आणि बुकिंगचं पान उघडत नव्हतं. देसांकाबाईंनी त्याला स्वच्छ सुनावलं होतं. "सोमवारपर्यंत चालू झालं नाही, तर हे काम माझ्या भाच्याकडे. तो निदान खोटं तरी बोलत नाही." त्या गेल्या की बाकीचेही जाणार. वाल्येवो गाव ते केवढं, बातमी पसरायला वेळ लागत नाही.

साइट दुसऱ्या कंपनीकडे न्यायची, तर जुन्या कंपनीने एक कोड द्यावा लागतो. झिवोयिन तो महिनाभर देत नव्हता. शेवटी तिहोमिरने फोनवर त्याची आई-बहीण काढली आणि बजावलं, शुक्रवारी मी स्वतः येतोय, कोड घेतल्याशिवाय हलणार नाही.

कंपनी म्हणजे चौथ्या मजल्यावरचा एक फ्लॅट निघाला. तिहोमिरने बेल दाबली नाही, दारावर मूठ आपटली. दार उघडंच होतं.

आत संताच्या तसबिरीसमोर उंच मेणबत्ती जळत होती. टेबलावर नक्षीचा गोल पाव, लाल वाइन, आणि अक्रोड घालून शिजवलेला गोड गहू. तिहोमिर चोर म्हणायला आला होता, तो शब्द तोंडातच राहिला. घरात स्लावा होती, कुळाच्या संताचा दिवस. या दिवशी आमंत्रण नसतं, दारात येईल तो पाहुणा, आणि त्या छपराखाली आवाज चढवणारा माणूस जनावरात जमा. या दिवसांत रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी स्लावा असतेच. नेमकी आजच याची असावी म्हणून तो मनातल्या मनात चरफडला.

काय करणार? त्याने छातीवर क्रूस काढला, चमचाभर गहू तोंडात घातला आणि म्हणाला, "स्लावाच्या शुभेच्छा, घरधनी."

"ये बाळा, बस," झिवोयिन म्हणाला. पांढऱ्या शर्टातला म्हातारा स्वतः मात्र उभाच राहिला. या दिवशी घरधन्याने बसायचं नसतं. आणि उभ्या म्हाताऱ्याला बसलेल्या पाहुण्याने झापायचं तरी कसं? झिवोयिनची बायको रुझा हिने ताट वाढलं. शुक्रवार उपासाचा, मटण चालत नाही, म्हणून मासे होते. तिहोमिर मनात शिव्या घालत होता आणि तोंडाने म्हणत होता, "मासा छान झालाय, काकू."

वाइनचा पेला संपल्यावर त्याने कसंबसं धाडस केलं. "काका, तो कोड..."

झिवोयिनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आज नाही रे बाळा. आज या टेबलावर धंदा आला तर संत रुसेल. पुढच्या आठवड्यात बघू, तू म्हणशील तसं."

पुढचा आठवडा म्हणजे देसांकाबाईंचा भाचा. हे तिहोमिरला लख्ख कळत होतं. तरी उठताना उलट त्यानेच, फोनवर बोललो ते मनावर घेऊ नका, म्हणून माफी मागितली. म्हाताऱ्याने मोठ्या मनाने ती दिली. रुझाने पावाचा तुकडा रुमालात बांधून हातात ठेवला.

जिन्यात तो स्वतःवरच चिडला. एवढ्या लांब येऊन पाव घेऊन चाललोय. रस्त्यावर गार वारा लागला तेव्हा ध्यानात आलं, टोपी वरच राहिली. तो परत चढला.

दार अजून नुसतं लोटलेलंच होतं. ढकलणार तोच आतून फुंकर ऐकू आली. फटीतून दिसलं, मेणबत्तीतून धूर निघत होता आणि झिवोयिन खुर्चीत ऐसपैस पाय पसरून बसला होता.

"गहू फ्रिजमध्ये ठेव," तो रुझाला सांगत होता. "उद्या उझित्सेचा फुलवाला यायचाय भांडायला."