बाईंची शाबासकी

मुलीने गाणं संपवलं आणि बाई म्हणाल्या, "पुन्हा."

मुलगी जागची हलली नाही. वय चौदा, परीक्षा शनिवारी, आणि गाण्यात आज काही म्हणजे काहीच नव्हतं. ओळीमागून ओळ नुसती निमूट चालली होती. ती चाचरत म्हणाली की बाईंनी कालच घरी हे गाणं ऐकून तीनदा शाबासकी दिली होती. बाई तिच्या घरी कधीच गेल्या नव्हत्या. तेव्हा मुलीने फोन काढला, शाळेने दिलेला घरच्या सरावाचा प्रोग्रॅम लावला आणि समोर धरला.

"वा, शाब्बास," फोन म्हणाला. आवाज हुबेहूब बाईंचा.

बाईंना आधी काही कळेना, मग कळलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. एकतीस वर्षं त्या या संगीत शाळेत गाणं शिकवत होत्या. बाई नुसतं 'ठीक आहे' म्हणाल्या तरी घरी जाऊन तारीख लिहून ठेवावी, अशी पालक थट्टा करायचे. आणि इथे त्यांचाच आवाज असल्या सपाट गाण्यावर शाबासकीची खैरात करत होता. मुलीला बसायला सांगून त्या तरातरा निघाल्या.

संचालकाच्या खोलीचं दार त्यांनी वाजवलं नाही. संचालक पन्नाशीचा, एके काळी त्यांचाच विद्यार्थी. अजूनही बाई आत आल्या की खुर्चीतून उठायचा. तसा तो उठला. शेजारी घरच्या सरावाचा प्रोग्रॅम बनवणारी इंजिनियर लॅपटॉप उघडून बसली होती.

त्याने सगळं गुळमुळीतपणे सांगितलं. तासांच्या जुन्या टेप खराब होऊ नयेत म्हणून कॉम्प्युटरवर घ्यायच्या, असा कागद गेल्या वर्षी त्याने बाईंपुढे ठेवला होता. बाईंनी त्यावर न वाचता सही केली होती, कारण कागद त्याने आणला होता. त्याच टेपांवरून कृत्रिम बुद्धिमत्तेने त्यांचा आवाज उचलला. मुलं घरी एकटी सराव करतात, त्यांना बाई जवळ असल्यासारखं वाटावं, एवढाच हेतू. आता नुसती बोलणी खाऊन मुलं टिकत नाहीत, म्हणून दर दोन-चार मिनिटांनी जरा कौतुक. शेवटी शाळा चालायला हवी.

"आवाज घेतलास ते एक वेळ सोड," बाई म्हणाल्या. "पण मी जे बोलत नाही ते माझ्या तोंडी घालायची तुझी हिंमत कशी झाली?"

इंजिनियरला वाटलं, हे आपल्या कामाबद्दल आहे. ती घाईने म्हणाली की नाही मॅडम, शाबासकी अगदी अस्सल आहे. तीच तर मोठी अडचण होती. चार हजार तासांच्या टेपांत 'पुन्हा' साडेअकरा हजार वेळा सापडलं आणि 'वा, शाब्बास' फक्त एकदा. त्या एकावरून बाकीच्या सगळ्या शाबासक्या कराव्या लागल्या. हे सांगताना तिला स्वतःच्या चिकाटीचा अभिमान वाटत होता, आणि तिच्या परीने तो खोटाही नव्हता.

संचालक टेबलावरचे कागद नीट करू लागला.

बाईंनी ती टेप लावायला सांगितली. आधी खरखर आली, मग एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाचा आवाज. दोन ओळी त्याने शिकवल्या तशा म्हटल्या. तिसरीत तो चुकला. वर जायचं तिथे खाली उतरला. पण थांबला नाही. त्या चुकीतूनच त्याने पुढे अशी काही वाट काढली की चौथी ओळ त्याची स्वतःचीच झाली. बाईंनी ती शिकवली नव्हती, शिकवताही आली नसती. मग टेपवर बाईंचा तरुणपणीचा आवाज आला, "वा, शाब्बास."

हा मुलगा कोण, हे संचालकाला कुणी सांगायची गरज नव्हती. त्या दोन शब्दांवर त्याने घरच्यांशी भांडून गाणं धरलं होतं.

"ती तुला दिली होती," बाई म्हणाल्या. "तू ती दारोदार वाटत सुटलास. आणि कशाबद्दल दिली होती, तेही विसरलास."

बाई इंजिनियरकडे वळल्या आणि म्हणाल्या, याचं हे गाणं तुमच्या त्या प्रोग्रॅमला ऐकवा, मुलं ऐकवतात तसंच. इंजिनियरने संचालकाकडे पाहिलं. तो नको म्हणाला नाही. उलट खुर्चीत जरा पुढे सरकून बसला. इतक्या वर्षांनी त्याला ती शाबासकी पुन्हा हवी होती, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

गाणं वाजलं. तिसऱ्या ओळीला पडद्यावर चुकीची लाल पट्टी आली आणि चौथी संपेपर्यंत गेली नाही. मग लॅपटॉपमधून बाईंचा आवाज आला, शांत आणि मायेचा.

"चुकलं, बाळा. मनाचं काही घालू नकोस. दाखवलंय तसंच म्हण."

संचालकाचे कान लाल झाले. बाई शेजारीच उभ्या होत्या. त्याने मान खाली घातली आणि तो लॅपटॉपला म्हणाला, "हो, बाई."