घारीच्या पिंजऱ्यावरची दुसरी पाटी

आमच्या केंद्रात जखमी शिकारी पक्ष्यांचा खर्च त्यांना दत्तक घेणारे पालक उचलतात आणि पिंजऱ्यावर पालकाच्या नावाची पाटी लागते. एका पंखाच्या घारीच्या पिंजऱ्यावर त्या रविवारी तिच्या पालक असलेल्या काकूंना दुसरी पाटी दिसली. मी पक्ष्यांसाठी मांस कापत होतो, तिथे त्या तडक येऊन उभ्या राहिल्या.

"ही घार माझी आहे. मध्येच ही कोण उपटली?"

"काकू, एका पक्ष्याला दोन पालक चालतात. उलट बरंच की, तुमचा भार हलका झाला."

"मी भाराबद्दल तक्रार केली होती? बरं, ती काय म्हणून हाक मारते हिला?"

"राणी."

"मी ठमे म्हणते." काकूंचा आवाज खाली आला. "राणी म्हटल्यावर मान वळवते ही?"

खोटं बोलायला हवं होतं, पण खरं तेच तोंडून निघालं. "वळवते की!"

काकूंचे डोळे भरून आले. मी घाईघाईने सारवासारव केली. "अहो, कशाला एवढं मनाला लावून घेता? तुम्ही रविवारी येता, ती बुधवारी येते. तुमची दोघींची कधी गाठसुद्धा पडणार नाही."

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी हातातली सुरी खाली ठेवली.

"आमचे हेसुद्धा त्यांच्या त्या बाईबद्दल अगदी हेच म्हणाले होते. वारसुद्धा बुधवारच. बावीस वर्षं दर बुधवारी मी एकटीचं ताट वाढून घेतलं आणि तोंडातून ब्र काढला नाही. आता काढतेय. ती पाटी उतरव."