तेवीस गाड्यांचं अंगण

"तेवीस," नगरपालिकेचा निरीक्षक म्हणाला आणि त्याने कागदावर आकडा लिहिला. "मिस्त्री, हा निवासी भाग आहे. गॅरेजच्या मागे उघड्यावर आठच्या वर गाड्या ठेवता येत नाहीत. आणि त्या आठही दुरुस्तीला आलेल्या हव्यात. यातल्या दुरुस्तीच्या किती?"

मिस्त्रींनी मान खाजवली. "चार."

"आणि बाकीच्या?"

बाकीच्या माणसांच्या होत्या. मेव्हण्याची जीप सहा वर्षं विटांवर उभी होती. शाळेतल्या मित्राची मिनीबस होती, तिच्यात आता मांजरं व्यायची. चुलत्यांची मोटार 'पुढच्या आठवड्यात नेतो' म्हणून आली होती. त्यानंतर चुलत्यांच्या नातवाला मिशा फुटल्या.

"तक्रार केली कुणी?" मागच्या दारात उभ्या असलेल्या मिस्त्रींच्या बायकोने विचारलं.

"ते कचेरीतल्या कारकुनालाच ठाऊक, वहिनी. मलाही नाव सांगत नाहीत." निरीक्षकाने कागदाची घडी घातली. "सोमवारी सुनावणीला या. साहेबांचं समाधान झालं नाही तर गॅरेजचा परवानाही जाऊ शकतो."

परवान्याचं ऐकून मिस्त्री मटकन टायरवर बसले. सत्तावीस वर्षांचं गॅरेज. आत जागा नाही म्हणून हल्ली गिऱ्हाइकांच्या गाड्या ते रस्त्यावर झोपून दुरुस्त करत. गेल्या महिन्यात एक जुनं गिऱ्हाईक दारातूनच परत गेलं होतं. पण परवाना जाईल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

संध्याकाळी मेव्हणा तणतणत आला.

"दाजी, हे त्या मागच्या मुख्याध्यापिकाबाईंचंच काम! त्यांची खिडकी बरोबर माझ्या जीपवर उघडते."

"पुरावा नसताना कुणाचं नाव घेऊ नये, दादा," मिस्त्री म्हणाले.

"बाईंना मध्ये आणायचं नाही," बायको स्वयंपाकघरातून कडाडली. "इतकी वर्षं आपली ठोकाठोक ऐकतायत, कधी चकार शब्द काढला नाही त्यांनी."

"मग तूच सांग कोण ते!"

"असेल कुणीतरी. चहा घे."

सोमवारी सगळे गाडीवाले झाडून सुनावणीला आले. मिस्त्रींच्या बाजूने बोलायला माणसांची रीघ लागली. मेव्हण्याने तर हातच जोडले. "साहेब, त्या नुसत्या गाड्या नाहीत, आमच्या आठवणी आहेत."

"आठवणी आपापल्या घरी ठेवाव्यात," अधिकारी म्हणाले. मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं.

मग मुख्याध्यापिका उठल्या. मिस्त्री बाकाच्या कडेवर सरकून बसले.

"गॅरेज बंद करू नका," बाई म्हणाल्या. "माझी स्कूटर दुसऱ्या कुणाला कळत नाही. माणूस कामाचा आहे, वेळेचा पक्का आहे. माझ्या खिडकीतून जरा आभाळ दिसलं तर बरं, एवढंच माझं म्हणणं."

निकाल तिथल्या तिथे लागला. परवाना कायम. दुरुस्तीच्या नसलेल्या सगळ्या गाड्या तीस दिवसांत मालकांनी न्याव्यात, नाहीतर नगरपालिका उचलून भंगारात घालेल.

मिस्त्रींनी सुस्कारा सोडला. बायकोने बाईंचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

महिनाभर गाड्या जात राहिल्या. मिनीबसमधून आधी मांजरं उतरवावी लागली. चुलते आपली मोटार बघून म्हणाले, "ही लाल होती ना रे?" सगळ्यात शेवटी मेव्हणा क्रेन घेऊन आला.

"दाजी, मनाला लावून घेऊ नका. तुमचा इलाज नव्हता."

"काय करणार दादा, कायदाच तसा," मिस्त्री म्हणाले. बायकोने भावाला वाटेत खायला डबा दिला आणि जीप वळणाआड जाईपर्यंत ती हात हलवत राहिली.

मग दोघं अंगणात खुर्च्या टाकून बसली. चार गाड्या ऐटीत उभ्या होत्या. चारहींची दारं सताड उघडता येत होती. पलीकडून बाईंनी खिडकीतून हात केला.

"केवढं मोठं आहे हो हे," बायको म्हणाली.

"हं. विसरलोच होतो."

"तक्रार करणाऱ्याचा अजून राग येतो का तुम्हाला?"

"छे. झालं गेलं." मिस्त्रींनी चहाचा घोट घेतला. "तुला येतो?"

"मला कशाला येईल!"

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्री शीळ घालत कचेरीत गेले. कारकुनाने फाइल काढली.

"जागा रिकामी झाल्याचा अहवाल लागला. आता तक्रार मिटली म्हणून तक्रारदाराची सही हवी."

मिस्त्रींनी मागे वळून बघितलं. ओळखीचं कुणी नव्हतं. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि झटकन सही ठोकली.

"हा एक अर्ज मिटला," कारकून म्हणाला आणि त्याने पान उलटलं. "दुसऱ्यावर वहिनी सकाळीच सही करून गेल्या."