सहीआधी
तीन महिने इंग्रजी शिकवून मुकुलसरांनी क्लासमध्ये मालाडमधल्या एका कंपनीतल्या नोकरीची इंग्रजी पत्रं वाटली, तेव्हा सगळ्या मुली हरखल्या. विक्रोळीच्या संघमित्राला मात्र सरांची घाई खटकली. "सही कर पटकन, वाचत काय बसतेस? फॉर्मॅलिटी आहे नुसती," सर म्हणाले. तिने ऐकलं नाही. प्रत्येक ओळीवर बोट ठेवत ती अडखळत वाचत गेली. चौथ्या ओळीत मूळ गुणपत्रिका दोन वर्षं कंपनीकडे राहतील, असं लिहिलं होतं. "का, सर?" "अगं, सुरक्षित राहतात." "माझ्या आईच्या कपाटातही सुरक्षित आहेत," म्हणत तिने पेन खाली ठेवलं. सर दटावू लागले, "हातची नोकरी घालवशील." मागच्या बाकावरची शर्मिष्ठा सही करता करता थांबली. "मित्रा, माझंही वाच ना गं." संघमित्रा उठली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, मराठीत अर्थ सांगत वाचू लागली.