करंगळीतली गाठ

"कधीपासून आहे हे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"चार दिवस झाले," उत्तर आईनेच दिलं. मुलगा सत्तावीस वर्षांचा, समोरच बसलेला. पण डॉक्टरकडे त्याच्या वतीने बोलायचं काम तो जन्मल्यापासून तिचं. "बरणीचं झाकण उघडायला गेला नि करंगळी कटकन मोडली. ती बरणी हिनेच दिली होती त्याच्या हातात." हिने म्हणताना तिने सुनेकडे बघितलंसुद्धा नाही. सून भिंतीला टेकून उभी होती. पेशंटच्या बाजूला खुर्च्या दोनच होत्या आणि दुसरीवर आई बसली होती.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडाच्या काचेवर लावला. करंगळीच्या मुळाचं हाड शेजारच्या हाडांसारखं पांढरं नव्हतं. आतून पोकळ, जरासं फुगलेलं, आणि वरची भिंत अंड्याच्या कवचाएवढी पातळ. तिथेच चीर गेली होती.

"झाकण उघडून कुणाचं बोट मोडत नाही, काकू. हाड आधीच पोखरलेलं होतं. आत कूर्चेची, म्हणजे मऊ हाडाची गाठ आहे. ही वर्षानुवर्षं हळूहळू वाढते. घाबरू नका, कॅन्सरसारखं काही दिसत नाही. तुटलंय ते आधी जुळू दे. मग गाठ खरवडून काढू आणि खड्ड्यात थोडं हाड भरू. काढलेला भाग तपासायला पाठवला की पक्कं कळेल."

"माझं हाड घ्या," आई चटकन म्हणाली.

"त्याच्याच मनगटाजवळचं घेणार. तेवढं पुरतं."

आईला ते लागलं. हाडसुद्धा नको माझं! "पण वर्षानुवर्षं कसं असेल?" ती म्हणाली. "ह्याच्या अंगावरचा तीळ न् तीळ मला ठाऊक आहे."

मुलाने मान खाली घातली. "शाळेत होतो तेव्हापासून तिथे जरा जाड लागायचं, आई. तुला बोललो नाही."

"कुणालाच नाही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हिला सांगितलं होतं. लग्न झाल्यावर दुसऱ्याच दिवशी."

झालं! कॅन्सर दिसत नाही, हात वाचणार, दुकानात चष्म्याच्या काचा बसवायचं काम पुन्हा करता येणार, हे सगळं राहिलं बाजूला. आईच्या कानात दुसरा दिवस तेवढा घुमत राहिला. कप धरताना तो करंगळी आत दुमडून घ्यायचा. अगदी बापावर गेलाय हो, असं ती आल्यागेल्याला सांगायची. म्हणजे तो लपवत होता आणि आपण वेड्यासारखं कौतुक करत होतो. आणि ही कालची पोर सगळं माहीत असून आठ महिने गप्प!

मग घरात जे सुरू झालं ते काय सांगावं. बोटाला पट्टी, उजवा हात गळ्यात. सुनेने शर्टाची बटणं लावली की आई ती पुन्हा नीट लावायची. सुनेने ताट वाढलं की आई घास भरवायला पुढे. "राहू दे, तुला जमायचं नाही," हे तर दिवसातून दहादा. सून ब्र काढत नव्हती. त्याने आईचा आणखीच तिळपापड व्हायचा. भांडली असती तर बरं वाटलं असतं. मुलगा दोघींच्या मध्ये बसून डाव्या हाताने टीव्हीचे चॅनेल बदलायचा.

हाड जुळलं. ऑपरेशनची तारीख आली. नुसता हात बधिर करणार होते. आत जाताना तो दोघींकडे बघून हसला, आणि हे हसू नक्की कुणासाठी होतं यावर आईने बाहेरच्या बाकावर तासभर विचार केला. सून त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला. मध्ये त्याच्या कपड्यांची पिशवी.

दार उघडलं. डॉक्टरीणबाईंनी तोंडावरचा मास्क खाली ओढला. "छान झालं. गाठ पूर्ण निघाली, हाड भरलं. दिसायला तरी साधीच आहे, रिपोर्ट आला की कळवते. थोड्या वेळाने बाहेर आणतील. आत चहा मागतोय, आधी बधिर हात जागा होऊ दे म्हणावं!"

दोघींचा जीव भांड्यात पडला. सुनेने पिशवी पोटाशी धरली. आईला रडू आलं, आणि रडता रडता इतक्या दिवसांचं साठलेलं तोंडून बाहेर पडलं.

"जिंकलीस बाई तू. पोटच्या पोराने मला परकं केलं. एवढी मोठी गोष्ट, सांगितली कुणाला, तर तुला!"

सुनेने पहिल्यांदाच आवाज चढवला. "हो, मलाच सांगितली. कशी सांगितली, ऐकायचंय? म्हणाला, आईला कळू देऊ नकोस. तिची झोप उडेल, जेवण सुटेल. मी म्हटलं, आणि माझी झोप? तर हसला. म्हणाला, 'तुला काय होतंय!' आणि कूस बदलून घोरायला लागला."

आईने डोळे पुसून तिच्याकडे बघितलं.

"तुमच्यावर जळते मी, आई," सून म्हणाली. "रोज वाट बघते, माझीही झोप उडू नये म्हणून तो माझ्यापासून कधी काही लपवेल याची."