अडवायचे शब्द

लेकीच्या नव्या टॅबला लगाम घालायला मी बसलो होतो. कुठले शब्द अडवायचे, त्याची यादी टॅब मागत होता. चार शिव्या लिहिल्या आणि माझी गाडी अडली. आमच्या घरात कुणी ‘गाढवा’च्या पुढे गेलंच नव्हतं. शेजारी आई मटार सोलत होती. “लिही, मी सांगते,” म्हणाली आणि धडाधड सांगत सुटली. मी हसत हसत टाइप करत राहिलो. पंधराव्या शब्दाला हसू थांबलं. सगळ्याच शिव्या बाईला द्यायच्या होत्या. “आई, कुठे ऐकलंस हे?” “तुझ्या बाबांकडून.” “बाबांचा तर कधी आवाजही चढला नाही!” “तुमच्यासमोर नाही,” तिचा हात थांबला नव्हता. “ह्यांचा चेहरा बदलला की मी तुम्हाला रेडिओ मोठ्यानं लावून द्यायचे आणि ह्यांना आत नेऊन दाराला कडी घालायचे.” तिनं पुढची शेंग उचलली. “लिही, अजून आहेत.”