चौथा मजला

"खुब्यात बसवलेला सांधा काढावाच लागेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आतला जंतुसंसर्ग औषधांना दाद देत नाहीये. आज तो काढू आणि औषध मिसळलेला सिमेंटचा तात्पुरता सांधा बसवू. सगळं स्वच्छ झालं की मग नवीन."

"आणि नाही झालं तर?" आईनं विचारलं.

डॉक्टरबाई स्टूल ओढून बसल्या. एरवी त्या कधी बसत नसत.

"तर सांध्याशिवाय राहावं लागेल, आजी. पाय आखूड होईल. कुबड्या घेऊन घरातल्या घरात चालता येईल."

"घरातल्या घरात," आई म्हणाली. भाजीचा न पटलेला भाव पुन्हा एकदा विचारून घ्यावा, तशी.

डॉक्टरबाई गेल्या. मुलगा खाटेच्या दांड्याला धरून तसाच उभा राहिला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. कितीही घासलं तरी त्याच्या नखांमधलं ग्रीस जात नसे. आईचा खुबा झिजला तेव्हापासून तो तिच्या मागे लागला होता. 'नवा सांधा बसव, पाखरासारखी फिरशील.' ती भीत होती. काठी टेकत, एका अंगावर झुकत का होईना, तिचं चाललं होतं. शेवटी त्याच्या हट्टापुढे ती हो म्हणाली. पहिले काही महिने पाय खरंच छान चालला. मग ताप आला आणि टाक्यांच्या जागेतून पू येऊ लागला.

"मीच मागे लागलो," तो म्हणाला. "तू नको नको म्हणत होतीस."

ते खरंच होतं. ताप भरला त्या दिवशी ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. 'तुझ्यामुळे' हा शब्द तिनं कितीदा तरी गिळला होता. आता तो खाली मान घालून उभा होता आणि त्याची मान तिला लहानपणी दिसायची तशीच बारीक दिसली. या मानेवर हे ओझं ठेवून आपण आत गेलो आणि परत आलोच नाही तर?

"मी मावशीकडे जाऊन आले होते," ती म्हणाली.

"कधी?"

"मधे. पाय चांगला होता तेव्हा. तू कामावर होतास."

"चौथ्या मजल्यावर? चढून?"

"मग काय, दोर लावून वर खेचलं मला? साऱ्या गावच्या लिफ्टा नीट करतोस, मावशीच्या इमारतीत काही एक बसवली नाहीस. कठडा धरून चढले."

आई चौथ्या मजल्यावर गेलीच नव्हती. धाकटी बहीण त्या घरात राहायला गेली तेव्हापासून तिनं ते पाहिलंच नव्हतं. बहीणच दरवेळी खाली यायची.

"मग? काय केलंत दोघींनी?"

"काय करणार? गॅलरीत बसलो. गप्पा मारल्या. वारा काय सुटला होता! तुझी शाळा दिसते तिथून, पत्र्याची." ती सांगत गेली आणि सांगता सांगता तिलाच ते दिसू लागलं. "तुझ्या हट्टामुळे तेवढं तरी झालं बघ. नाहीतर तिचं घर न बघताच गेले असते."

मुलानं बाहीनं तोंड पुसलं. किती दिवसांनी तो हसला.

तेवढ्यात बहीण आली. हातात पिशवी, दम लागलेला.

"काय गं मावशी! आई तुझ्याकडे वर येऊन गेली आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस?"

बहिणीचा हात पिशवीच्या बंदावर थांबला. तिनं ताईकडे पाहिलं. ताईनं चादरीचा काठ मुठीत घट्ट धरला होता.

"तिनंच शपथ घातली होती," बहीण म्हणाली. "म्हणाली, एवढे जिने चढले कळलं तर ओरडेल तो." मग ती पिशवीतून टॉवेल काढू लागली. "आणि आल्या आल्या माझ्या स्वयंपाकघराला नावं ठेवली बाईनं."

"ठेवणारच. पसारा केवढा तो!" आईचा आवाज जरा फाटला.

परिचारिका ट्रॉली घेऊन आली. मुलानं आईला हलकेच उचलून तीवर ठेवलं आणि लिफ्टपर्यंत स्वतः ढकलत नेलं. आत एकाच नातेवाइकाला जागा होती.

"मावशी, तू जा. मी जिन्यानं येतो," तो म्हणाला आणि दोन-दोन पायऱ्या चढत दिसेनासा झाला.

दार लागलं. परिचारिका पाठमोरी उभी राहून फोनवर बोलत होती. बहीण ताईच्या तोंडाशी वाकली.

"ताई, काय गं हे? कधी आली होतीस तू?"

"आले होते, ताप यायच्या आधी. दुसऱ्या मजल्यापर्यंत." आई छताकडे बघत होती. "जांघेत अशी कळ आली, की पायरीवरच बसले. पुष्कळ वेळ बसले होते. तू वर कुणाशी तरी हसत बोलत होतीस. स्वच्छ ऐकू येत होतं. मग उतरले."

बहिणीनं तिचा हात धरला. तो तापानं गरम होता.

"अगं, मग एक हाक मारायचीस ना मला!"

"मारली असती, तर तू धावत खाली आली असतीस."